शाखेतला सर्व्हर लाईट आल्यावर आपोआप उघडावा, पण चोरानं नेला तर उघडू नये. टँग कोणी लावलंय का?

हिडकल_बॅकवॉटर (धागाकर्ता), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका सौहार्द क्रेडिट सोसायटीचं कॉम्प्युटरचं काम बघतो. हेड ऑफिस शहरात, शाखा निपाणी, संकेश्वर, खानापूर आणि आणखी एक-दोन ठिकाणी. प्रत्येक शाखेत एक डेबियन लिनक्स सर्व्हर. त्यावर पिग्मीचं आणि ठेवींचं सॉफ्टवेअर, शिवाय केवायसीचे स्कॅन: आधार, पॅन, सह्यांचे नमुने, सगळं. डिस्क लक्सनं (लिनक्सचं डिस्क-कुलूप) एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. शाखा म्हणजे मेन रोडवरचा गाळा आणि सर्व्हर मागच्या खोलीत तिजोरीशेजारी. तिजोरी फोडायला रात्र जाईल, सर्व्हर काखोटीला मारून न्यायला दोन मिनिटं.

अडचण अशी की पावसाळ्यात खानापूरकडं लाईट रात्र-रात्र नसते. यूपीएस दम सोडतो, मशीन बंद पडतं. सकाळी लाईट आली की सुरू होतं आणि पासफ्रेज (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) मागत उभं राहतं. मग क्लार्कचा फोन. मी गाडी कडेला घेऊन सांगायचं, "एम फॉर मच्छे, एच फॉर हलगा, हा एच मोठा..." आणि तिकडं काउंटरवरची गिऱ्हाईकं आणि हिशेब जमा करायला आलेले पिग्मी एजंट कान देऊन ऐकतायत. एका शाखेत तर पासफ्रेज भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशीच्या चौकटीत पेनानं लिहिलेला दिसला. आता ह्याला एन्क्रिप्शन म्हणायचं का?

टँग (नेटवर्कवर बसलेली छोटी सेवा) आणि क्लेव्हिस (सर्व्हरवरून तिला विचारणारा प्रोग्राम) यांबद्दल वाचलंय. बूट होताना सर्व्हर नेटवर्कवरच्या टँगला विचारतो आणि डिस्क उघडते, मध्ये माणूस नको. माझा प्रश्न एवढाच की टँगचं मशीन ठेवायचं कुठं? शाखेतच एक रास्पबेरी पाय (हातावर मावणारा स्वस्त कॉम्प्युटर) लावली तर चालेल का? खर्चाचं नाव काढलं की चेअरमनसाहेब विषय पुढच्या मिटिंगला ढकलतात.

---

उद्यमबागी

चालतंय की, पण कुणाला ते बघा. चोर पाय पण घेऊन जाणार. घरी दोन्ही एका स्विचला लावले की डिस्क उघडली. तुम्ही त्याला किल्लीसकट कपाट दिलंत.

आमच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या सर्व्हरला टँग लावलंय, पण ते दुसऱ्या शेडमध्ये, टाइम ऑफिसच्या वर, वेगळ्या कुलपात. तुमच्या गाळ्यात दुसरी शेड कुठनं आणणार? तेव्हा टँग हेड ऑफिसला.

---

चोर्ला_घाट

मला मुळातच हे पटत नाही. किल्ली नेटवर्कवरून येणार, म्हणजे मधे कोणीही ऐकणार. त्यात टँग साध्या एचटीटीपीवर, पोर्ट ८०. टीएलएस (वाटेतला मजकूर झाकणारं कवच) नाही. पतसंस्थेचा डेटा हो हा, फोटोंचा अल्बम नव्हे.

---

नंदगडचे_मास्तर

चोर्लासाहेब, शंका रास्त आहे, पण टँग किल्ली पाठवतच नाही. त्याच्याकडे तुमच्या डिस्कची किल्ली नसतेच. कोणत्या मशीननं त्याच्याशी बांधून घेतलंय याची यादीसुद्धा नसते. ह्या पद्धतीला मॅककॅलम-रेल्या म्हणतात. नेथॅनियल मॅककॅलम आणि बॉब रेल्या हे दोघे रेड हॅटचे. २०१७ साली त्यांच्या आरएचईएल ७.४ लिनक्समध्ये ती आली.

लहान आकडे घेऊन करून दाखवतो, कागद-पेन्सिल घ्या. सगळे गुणाकार करून २३ नं भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. पाया ५.

टँगचा गुप्त आकडा ६. ५ चा सहावा घात, २३ नं भागून बाकी ८. हा ८ टँग सगळ्यांना सांगतो.

बांधणी करताना (डिस्कचं कुलूप टँगशी जोडताना) सर्व्हर स्वतःचा गुप्त आकडा घेतो, समजा १५. ५ चा पंधरावा घात, बाकी १९. टँगच्या ८ चा पंधरावा घात, बाकी २. हे २ म्हणजे किल्ली, तिच्यानं डिस्क उघडणारा एक नवा, मशीननंच बनवलेला पासफ्रेज गुंडाळला. आता सर्व्हर १५ पण विसरतो आणि २ पण विसरतो. डिस्कच्या हेडरमध्ये (कुलपाची माहिती ठेवणारा सुरवातीचा भाग) फक्त १९ आणि ८ उरतात. चोराच्या हाताला एवढंच लागतं.

लाईट आली. सर्व्हर एक नवा, ह्याच वेळेपुरता आकडा घेतो, ३. ५ चा तिसरा घात, बाकी १०. १९ गुणिले १०, १९०, बाकी ६. हे ६ टँगकडं पाठवलं. टँग त्याचा सहावा घात करून १२ परत देतो. सर्व्हर स्वतःशी ८ चा तिसरा घात करतो, बाकी ६. १२ भागिले ६, २. किल्ली आली.

तारेवर गेलं ६ आणि १२. पुढच्या वेळी ३ च्या जागी दुसरा आकडा येणार, मग तारेवरचे आकडेही दुसरे. ऐकणाऱ्याला काही मिळत नाही, टँगलाही २ कधी दिसत नाही. खऱ्यात हे पी-५२१ नावाच्या गणिती वक्रावर, प्रचंड आकड्यांनी चालतं, त्यामुळे १९ वरून १५ काढायला बसलात तर जन्म पुरायचा नाही. टीएलएस ह्याचसाठी नको.

---

चोर्ला_घाट

मास्तर, वहीत करून बघितलं. २ आलं. ऐकणाऱ्याचा मुद्दा मागे घेतो.

पण मग दुसरा मुद्दा पुढे करतो. टँग कुणालाच ओळखत नाही म्हणजे चोरालाही ओळखत नाही. ज्याच्या हातात डिस्क आणि ज्याचा हात टँगपर्यंत पोचतो, त्याला डिस्क उघडून मिळणार. बरोबर?

---

नंदगडचे_मास्तर

शंभर टक्के.

---

मार्कंडेय_काठ

इथंच सगळी मेख आहे. तो टँगपर्यंत पोचतो कसा, एवढंच राखायचं. मी काही शाखांच्या संस्थेसाठी हे लावून दिलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

टँग हेड ऑफिसला ठेवलं की शाखेतून तिथवर जायला व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा) लागतो. डिस्क उघडायच्या आधी सर्व्हरवर व्हीपीएन सुरू होत नाही (करता येतो, पण मग त्याची किल्ली उघड्या बूट पार्टिशनवर ठेवावी लागते, नको ते). म्हणून व्हीपीएन शाखेच्या राउटरमध्ये. वायरगार्ड किंवा आयपीसेक, जे राउटरला येत असेल ते. इथपर्यंत सगळे येतात आणि निवांत होतात.

आता चोराच्या बाजूनं बघा. तो सर्व्हर उचलतो तेव्हा शेजारचा राउटर तिथंच ठेवतो का? वायरसकट ओढून पोत्यात घालतो. घरी गेल्यावर राउटर आपल्या इंटरनेटला जोडला की व्हीपीएन आपणहून हेड ऑफिसला लागतो, कारण राउटरला आपण चोरीला गेलोय हे ठाऊक नाही. मागे सर्व्हर लावला, टँगनं ६ च्या बदल्यात १२ दिले, डिस्क उघडली. हेड ऑफिसला टँग ठेवून तुम्ही फक्त चोराचं काम एका वायरनं वाढवलंत.

त्यावर आम्ही काय केलं ते सांगतो. हेड ऑफिसच्या फायरवॉलवर टँगचं पोर्ट सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढंच उघडं. रविवारी आणि सुट्टीला बंद. रात्री लाईट जाऊन आली तर सर्व्हर पासफ्रेज मागत बसतो, बसू दे. रात्री २ वाजता खानापूर शाखेत पिग्मी कोण भरायला येतंय? ९ वाजले की पोर्ट उघडतं, मागून क्लेव्हिस विचारतच असतं, शटर वर जाईपर्यंत सर्व्हर तयार. चोऱ्या बहुतेक रात्रीच्या किंवा शनिवार-रविवारच्या. सकाळी ९ च्या आत कोणीतरी शाखेत जाऊन कुलूप बघतंच. शिपायाला सांगून ठेवलंय, कुलूप तुटलेलं दिसलं की पहिला फोन मॅनेजरला नाही, पोलिसांनाही नाही, मला. त्या शाखेचा पीअर (व्हीपीएनमधली नोंद) हेड ऑफिसच्या राउटरमधून काढला की चोराच्या हातात फक्त लोखंड. मग पोलीस.

शाखेच्या राउटरला ठरावीक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) असेल तर व्हीपीएन फक्त त्याच आयपीवरून स्वीकारायचा. आणखी बरं. पण निमशहरी भागात ठरावीक आयपीचे पैसे वेगळे पडतात आणि चेअरमनसाहेब आहेतच.

---

हिडकल_बॅकवॉटर (धागाकर्ता)

राउटर पोत्यात ही गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. वेळेचं फायरवॉल लगेच आवडलं, फुकट आहे.

चोरी झाली समजा, पीअर काढला. टँगच्या किल्ल्या पण बदलायच्या का? आणि त्या बदलल्या तर बाकीच्या शाखांचं काय?

---

मार्कंडेय_काठ

बदलायच्या. आणि ह्याचसाठी सगळ्या शाखांना एकच टँग देऊ नका. टँग म्हणजे एक छोटी सेवा आणि किल्ल्यांचं एक फोल्डर, बस. एकाच पायवर शाखागणिक वेगळं फोल्डर आणि वेगळं पोर्ट करता येतं. निपाणीचं चोरीला गेलं तर निपाणीचं फोल्डर पुसायचं, संकेश्वरला पत्ता लागत नाही. एकच टँग असेल तर किल्ली पुसल्याबरोबर सगळ्या शाखा पासफ्रेज मागायला लागतील आणि पुन्हा तुमचं एम फॉर मच्छे सुरू.

वर्षातून एकदा शांतपणे बदलणं वेगळं. जुन्या किल्लीच्या फाइलच्या नावापुढं टिंब लावायचं. मग टँग ती नव्या लोकांना दाखवत नाही, पण जुन्यांना उत्तर देत राहतो. नवी किल्ली बनवायची, प्रत्येक सर्व्हरवर क्लेव्हिसची रीजेन कमांड चालवायची, आणि सगळे नव्यावर आले की मगच जुनी पुसायची. घाईत आधी पुसू नका.

---

वडगावची_वेणू

मी घरी मँडोस वापरते. ते अशा वेळी टँगपेक्षा शहाणं आहे. मँडोसचा सर्व्हर प्रत्येक क्लायंटला वेगळं ओळखतो आणि ते जिवंत आहे का हे मधून मधून पिंग करून बघतो. ठरवलेल्या वेळापेक्षा जास्त गायब झालं की त्याचं नाव बंद. मग ते परत आलं तरी पासवर्ड देत नाही, माणसानं पुन्हा चालू करेपर्यंत. चोर मशीन काढून घरी नेईपर्यंत वेळ संपलेली असते. टँगला हे कळतच नाही.

---

उद्यमबागी

ताई, कल्पना झकास आहे, पण खानापूरचा पावसाळा बघितलाय न्हवं? लाईट सहा तास गेली की मँडोस म्हणणार मशीन चोरीला गेलं. वेळ वाढवून दहा तास केली तर चोराला पण दहा तास. रीबूट होऊन चटकन परत येणाऱ्या मशीनला ते बरं.

---

वडगावची_वेणू

हो, हे खरं आहे. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणून जमतंय. आणि मँडोसच्या सर्व्हरवर प्रत्येकाचा पासवर्ड एन्क्रिप्ट करून का होईना पण साठवलेला असतो, मास्तरांच्या टँगसारखं हात झटकून बसत नाही.

---

सदलगा_एक्सप्रेस

एवढा खटाटोप कशाला? मदरबोर्डवर टीपीएम चिप आहे की. किल्ली तिच्यात टाका, नेटवर्कच नको, टँगच नको.

---

मार्कंडेय_काठ

नुसती टीपीएम असेल तर चोर अख्खं मशीन नेतो, घरी बटण दाबतो आणि डिस्क उघडते. लॉगिन स्क्रीन येते खरी, पण डिस्क उघडलेलं चालू मशीन त्याच्या टेबलावर. डिस्क तेवढी काढून नेली तरच टीपीएम वाचवते.

दोन्ही मिळून मात्र छान. क्लेव्हिसमध्ये एसएसएस नावाची पिन (डिस्क उघडायची पद्धत) आहे, शमीरच्या १९७९ च्या गुपित वाटण्याच्या पद्धतीवर. टीपीएम आणि टँग अशी दोन नावं द्यायची आणि उंबरठा २ ठेवायचा. मग टँगपर्यंत पोचलेल्याकडं तेच मशीनही लागतं. पीसीआरशी (बूट कसं झालं याची चिपमधली नोंद) बांधू नका, फर्मवेअर अपडेट केलं की किल्ली रुसते. नुसती चिपशी बांधलेली पुरते.

उंबरठा १ ठेवला तर अर्थ उलटा होतो, दोघांपैकी एकानं हो म्हटलं की झालं. दोन टँग ठेवून एक बंद पडलं तरी चालावं, यासाठी तो. टीपीएम आणि टँग लावून उंबरठा १ ठेवणाऱ्या माणसाला मी भेटलोय. डिस्क उघडते, तो खूष.

---

निपाणी_नाका

पासफ्रेज मराठीत ठेवला तर? किंवा कानडीत. चोराला कळणार नाही. तसंही आमच्याकडं कुठली भाषा कुठं लिहायची हे

---

संपादक

निपाणी_नाका, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत आणि भरपूर आहेत.

---

नंदगडचे_मास्तर

तांत्रिक उत्तर देतो. बूटच्या त्या टप्प्यावर बहुतेक साधा इंग्रजी कीबोर्डच असतो, देवनागरी किंवा कन्नड लेआउट नसतो. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तर चालतील. पाच-सहा एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घ्या, क्लार्कला फोनवर सांगायलाही सोपे. गावांची नावं नकोत, धागाकर्त्यानं आता सगळ्यांना शिकवली आहेत.

---

हिडकल_बॅकवॉटर (धागाकर्ता)

😄 बदलतो मास्तर.

आज टेबलावर जुना डेस्कटॉप घेऊन बघितलं. पायवर टँग, डेस्कटॉपवर क्लेव्हिस आणि क्लेव्हिस-इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरवातीलाच क्लेव्हिस चालवणारं पॅकेज). बाइंड (बांधणी) करताना टँगच्या किल्लीचा ठसा दाखवून "भरवसा ठेवू का" असं विचारलं. पायवर टँग-शो-कीज चालवून तोच ठसा आहे हे ताडून बघितलं आणि हो म्हटलं. रीबूट केल्यावर पासफ्रेजची ओळ आली, दोन-तीन सेकंद थांबली आणि हात न लावता पुढं गेली. लॅन वायर काढून रीबूट केलं तर तिथंच थांबलं, वायर घातली तरी पुढं सरकेना. ते का?

---

उद्यमबागी

डीएचसीपी, म्हणजे राउटरकडनं आयपी आपोआप मिळायची सोय. सुरवातीला तार नव्हती म्हणून आयपी मिळाला नाही, आणि त्या टप्प्यावर पुन्हा मागायला कोणी बसलेलं नसतं. शाखेत हेच रोज होणार. लाईट आली की सगळं एकदम चालू होतं. सर्व्हर लवकर उठतो, फायबरचा डबा आणि राउटर अजून डोळे चोळत असतात. बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत आयपी पक्का लिहून टाका, डीएचसीपीवर सोडू नका. म्हणजे राउटर पाच मिनिटांनी आला तरी क्लेव्हिसच्या पुढच्या फेरीत काम होतंय. स्विच मॅनेज्ड असेल तर त्या पोर्टला पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता चालू करायची सोय) लावा. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते, ती पण बघा. नाहीतर टँग तयार आणि मशीनचं बटण दाबायला शिपाई पाहिजे.

आणि वायफायवर ठेवू नका. डिस्क उघडायच्या आधी वायफाय जोडणं म्हणजे नसती उठाठेव.

---

चोर्ला_घाट

जेसीबीनं रस्त्याकडेची फायबर तोडली की?

---

मार्कंडेय_काठ

तर पासफ्रेज. टँग लावलं म्हणून पासफ्रेजचा स्लॉट (हेडरमधली किल्लीची जागा) पुसायचा नाही, हे कुणालाच परवडणारं नाही. लक्स-२ मध्ये ३२ स्लॉट असतात, जागेला तोटा नाही. सीलबंद पाकीट तिजोरीत, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडं जशा असतात तशाच. पाकीट फोडलं की रजिस्टरला सही, त्या आठवड्यात पासफ्रेज बदलायचा आणि नवं पाकीट. हे सोसायटीच्या लोकांना शिकवावं लागत नाही, सोनेतारणाची पाकिटं ते रोज सांभाळतात.

लक्सच्या हेडरचा बॅकअपही तिजोरीत. पण जुना हेडर म्हणजे जुन्या किल्ल्या चालणारा हेडर, त्यामुळे किल्ल्या बदलल्या की जुना बॅकअप फाडायचा. आणि टँगच्या स्वतःच्या मशीनची डिस्क दुसऱ्या टँगनं उघडायच्या भानगडीत पडू नका, दोन्ही बंद पडली की एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतील. हेड ऑफिसला यूपीएस चांगला द्या, पाय किती खाणार?

---

सदलगा_एक्सप्रेस

विंडोजच्या मशीनना काय? आमच्याकडं काउंटरचे सगळे पीसी विंडोज.

---

नंदगडचे_मास्तर

बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क-कुलूप) नेटवर्क अनलॉक आहे, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून. पण त्याला डोमेन पाहिजे, विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस चालू असलेला सर्व्हर पाहिजे, तारेचं नेटवर्क आणि डीएचसीपीवाली यूईएफआय पाहिजे. चार पीसींच्या शाखेसाठी हे करू नका. केवायसी सर्व्हरवर ठेवा आणि काउंटरवर काही साठवू देऊ नका.

---

चोर्ला_घाट

एक शेवटचं बोलतो, मग गप्प. हे सगळं मशीन बंद असतानाचं. दुपारी १२ वाजता सर्व्हर चालू, डिस्क उघडी, आणि एखाद्या एजंटनं पेन ड्राइव्ह लावला तर टँग काय करणार? चेअरमनना "आता डेटा सुरक्षित" असं सांगू नका. "बंद मशीन चोरीला गेलं तर डेटा वाचेल" एवढंच सांगा.

---

हिडकल_बॅकवॉटर (धागाकर्ता)

तसंच सांगितलं. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी खबरदारी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे हे सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. दोन पाय आणि हेड ऑफिसच्या यूपीएसची नवी बॅटरी मंजूर. ठरावीक आयपी नामंजूर.

सुरवात निपाणीपासून, तिथली लाईन त्यातल्या त्यात बरी आहे. शाखागणिक वेगळं टँग, टीपीएम आणि टँग उंबरठा २, पोर्ट ९ ते ६. खानापूर शेवटी.

एक राहिलं. निपाणीच्या मशीनला दुसरी डिस्क आहे, स्कॅनची. ती रूट (सिस्टिमची मुख्य डिस्क) नाही, नंतर माउंट होते. तिला पण हेच का?

---

मार्कंडेय_काठ

तीही वेगळी बाइंड करायची. क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कची यादी) तिच्या ओळीत _netdev लिहा आणि एफएसटॅबमध्येही (माउंट करायच्या डिस्कची यादी), म्हणजे नेटवर्क आल्यावर ती उघडायला घेतली जाते. क्लेव्हिस-सिस्टिमडी पॅकेज टाका आणि क्लेव्हिस-लक्स-आस्कपास ही पाथ युनिट इनेबल करा, ती राहिली की रूट उघडते आणि दुसरी डिस्क हटून बसते. टीपीएम आधीच जोडलेली आहे म्हणून दुसरीला नुसतं टँग दिलंत तर चालणार नाही, तिलाही उंबरठा २ च. डिस्क काढून नेणाऱ्याला स्कॅनचीच हवी असते.